डाव्या रुळावरचं तेल

सागाच्या फळीवर पिंपळाचं अकरावं पान कोरताना मशीननं उचकी दिली. उचकीच म्हणायची, कारण आवाज तेवढाच होता, नखावर नख आपटावं इतका. सकाळचे अकरा वाजले होते. नगरजवळच्या नागापूरच्या एका गल्लीत शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापायचं चाललं होतं, बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं आणि त्याला ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस जीव तोडून ओरडत होता. एवढ्या कल्लोळात ती उचकी कुणाला ऐकू यायचं कारण नव्हतं. मच्छिंद्रला नाहीच आली. पन्नाशीचा हा गडी भारतीच्या हाताखाली पाच वर्षं मशीनवर फळ्या चढवायचा-उतरवायचा, आणि आत्ता तो चार फुटांवर उभा राहून तंबाखूला चुना लावत होता. भारतीला मात्र ती उचकी कानात नाही, दाढेत ऐकू आली. तिनं लाल बटण दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं, भुसा ओढणारा पंप दम टाकत गप झाला, आणि ती फळीवर वाकली. देठ एका जागी होता आणि पान दोन मिलीमीटर बाजूला सरकून सुरू झालं होतं. दोन मिलीमीटर म्हणजे ते काय, तांदळाचा दाणा आडवा धरला तर तेवढा. पण पान देठावरून तुटल्यासारखं दिसत होतं, आणि तुटकं पान दारावर कोण लावून घेईल? त्यातून हे दार साधं नव्हतं. कोपरगावला भारतीच्या जुन्या वस्तीत नवा विहार बांधला होता, त्याचं हे दार, आणि बुद्धपौर्णिमेला ते बसवायचं होतं.

“काय झालं ताई? लाईट गेली का?”

“लाईट नाही गेली. गाडी अडकली.”

मशीन म्हणजे तसं साधं प्रकरण. एक लांबरुंद टेबल, टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक पोलादी रूळ, रुळांवर मुठीएवढ्या गाड्या, त्यांच्या पोटात ज्वारीएवढे छर्रे, आणि त्या गाड्यांवर आडवी कमान. कमानीला कोरायचं पातं. कॉम्प्युटर सांगेल तिकडं कमान जाते आणि पातं लाकडात उतरतं. बाकी सगळी अक्कल कॉम्प्युटरची असली तरी अब्रू रुळांची असते, असं भारती म्हणायची. रुळावर भुशाचा थर बसला की गाडी अडखळते, गाडी अडखळली की पान सरकतं. म्हणून रोज संध्याकाळी काम संपलं की ती स्वतः मऊ ब्रशनं भुसा झाडायची, पंपानं ओढून घ्यायची, कोरड्या फडक्यानं रूळ पुसायची, मग बोटावर पातळ तेल घेऊन लावायची, कमान तीनदा या टोकापासून त्या टोकाला फिरवायची आणि वर आलेलं तेल परत पुसून काढायची. हवेची नळी घेऊन फुसफुस केलेलं तिला खपायचं नाही, हवेनं भुसा गाडीच्या पोटात जातो. मच्छिंद्रला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेल डोळ्याला दिसलं नाही पाहिजे, बोटाला लागलं पाहिजे. आणि आता तिनं कमानीखाली हात घालून डाव्या रुळावरून बोट फिरवलं तर बोटाला आला चिखल. तपकिरी, चिकट, भाकरीच्या पिठात कुणी काकवी ओतावी तसा लगदा, गाडीच्या तोंडाशी गच्च बसलेला. तिनं बोट नाकाशी नेलं. जाड तेल, ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये घालतात ते. हे तेल तिनं आणलेलं नव्हतं. मच्छिंद्र तर चहा ओतायचा कंटाळा करणारा माणूस, तो तेल कशाला ओततोय. भारतीनं बोट फडक्याला पुसलं, आणि पुसता पुसताच तिला कळलं की हे कुणी केलंय.

आबांनी. दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. रंभाजी, तिचे वडील, वय शहात्तर, कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात बत्तीस वर्षं ऑइलमन. ऊस चिरडणाऱ्या रुळांच्या बेअरिंगला तेल घालायचं, एवढंच काम, पण ते काम आबा कसं सांगायचे! हातात लांब चोचीचा पितळी कॅन घेऊन मिलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, दर बेअरिंगशी थांबायचं, हाताची पालथी बाजू त्याला लावायची, गरम लागलं तर तेल, गार लागलं तरी तेल. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालायचा आणि आबा म्हणायचे, बेअरिंग तान्हं लेकरू हाय, रडायच्या आधी पाजायचं असतं. तेल ओघळून खाली गटारात गेलं तर कुणी बोलायचं नाही, कोरडं राहिलं तर नोकरी जायची. सगळ्या हयातीत आबांच्या हातून एक बेअरिंग कधी जळालं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं त्यांना नारळ आणि शाल दिली आणि त्यांनी मागून घेतला तो पितळी कॅन. आणि आता हा कारखान्याचा माणूस रोज सकाळी सहाला भारतीच्या शेडमध्ये येत होता. घर शेडपासून पाच मिनिटांवर, रस्ता सरळ, एक वळण. शेडची दुसरी किल्ली तिनंच त्यांना दिली होती. आबा त्याला पहिली पाळी म्हणायचे. ती समजत होती की ते झाडलोट करतात, खुर्ची टाकून बसतात, गल्लीतल्या वॉचमनशी, श्रीमंतशी, गप्पा मारतात. काल संध्याकाळी पुसला तेव्हा रूळ स्वच्छ होता, म्हणजे हे आजच्याच पहाटेचं; कॅन घेऊन ते डाव्या रुळापाशी उभे राहतील हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. डावाच का, तर उजव्या बाजूला भिंत होती, तिकडं त्यांचा हात पोचत नव्हता.

“सांगून टाका की ताई,” मच्छिंद्र म्हणाला. त्यालाही वास आला होता. “म्हनावं, आबा, ह्ये मिल न्हाई. हिथं लई तेल चालत न्हाई. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं. वा रे मच्छिंद्र! तिनं पाना उचलला. गाडी खोलून, लगदा काढून, छर्रे धुऊन परत भरायला त्यांना दुपारचे तीन वाजले, आणि तेवढा सगळा वेळ भारतीच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, तेलाचीच, पण दुसऱ्या तेलाची. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. चांगुणाबाई नाव तिचं, कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेली. त्यानंतर भारतीचे केस आबा विंचरायला लागले. रात्रपाळी करून घरी यायचे, भुसा आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचे, मग तिला पायरीवर बसवून मागं बसायचे. वेणी घालायला ते शेजारच्या बाईकडून शिकले होते. वेणी जमायची, पण तेल! ओंजळभर खोबरेल टाळूवर ओतायचे आणि तळव्यानं जिरवायचे, जिरवायचे, जिरेपर्यंत परत ओतायचे. तेल कानामागून ओघळायचं, मानेवरून फ्रॉकच्या कॉलरमध्ये जायचं, वहीच्या पानावर डाग पडायचे. आणि त्यांचा हात डोक्यावर फिरायला लागला की तिला झोप यायची, हेही खरं; तसा हात नंतर जन्मात कुणाचा फिरला नाही. लग्न झालं होतं तिचं, दोन वर्षांत मोडलं, त्याची गोष्ट इथं नको, पण तेवढ्या संसारातही नाही. सहावीत गेल्यावर वर्गातल्या पोरी म्हणायला लागल्या, हिचा बाप हिच्या डोक्यात कारखान्याचं तेल घालतो. एके दिवशी एकीनं तिच्या वेणीला बोट लावून भिंतीला पुसून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बाटलीचं टोपण काढलं तेव्हा भारती मागं न बघता म्हणाली, “मला नका लावू तेल. माझं मी लावीन.”

आबांचा हात हवेत होता, तळव्यात तेल घेतलेलं. त्यांनी ते तेल बाटलीत परत ओतलं, टोपण लावलं, बाटली कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, “बरं.” राग नाही, लोभ नाही. बरं. आणि त्यानंतर त्यांनी तिच्या डोक्याला कधीही हात लावला नाही. ताप आला तरी नाही. आधी ताप आला की ते बेअरिंगला लावायचे तशी हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावायचे. त्यानंतर लांबून विचारायचे, अंग गरम लागतंय का गं? त्यांनी ते मनाला लावून घेतलं असं नव्हतं, निदान दिसत नव्हतं. नको म्हटलं ना पोरीनं, मग नको, इतकं सरळ. पण त्या सरळपणानंच तिचा जीव घेतला होता. कितीतरी सकाळी ती मुद्दाम केस मोकळे सोडून पायरीवर बसली, नुसती बसली, पण ‘लावा की आबा’ असं तोंडातून निघेना आणि आबा तर बरं म्हणून मोकळे झाले होते. आता एक्केचाळिसाव्या वर्षीही कुणी तिच्याशी बोलता बोलता बरं म्हटलं की तिच्या छातीत काहीतरी बंद व्हायचं. आणि हा मच्छिंद्र म्हणतो, सांगून टाका. सांगितलं की आबा बरं म्हणणार, किल्ली काढून तिच्या हातात देणार, आणि दुसऱ्या दिवसापासून पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडणार. विसर तर पडायलाच लागला होता. जेवलो का नाही हे विसरायचे, भाजीला गेलं तर भाजी विसरून यायचे, एकदा चांगुणा अजून कशी आली नाही म्हणाले होते आणि मग स्वतःच ओशाळून गप बसले होते. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोकं साथ देईल तितकं देईल, हात चालू ठेवा, यांना घरात बसवलंत तर लवकर खचतील. शेड बंद करणं म्हणजे आबांना बंद करणं. मशीन काय, धुता येतं.

म्हणून तिनं ती युक्ती केली. युक्ती म्हणजे काय, खोटेपणाच, पण त्या वेळी तिला ती फार शहाणपणाची वाटली. मशीनचे रूळ तिनं मागच्या वर्षी बदलले होते आणि जुने, कडा झिजलेले, मांडणीवर पडून होते. मच्छिंद्रकडून तिनं त्यातला एक हातभर तुकडा कापून घेतला, त्यावर एक जुनी गाडी चढवली आणि तो एका फळीवर स्क्रूनं पक्का केला. फळी कुठली घ्यायची, तर ती वाया गेलेली सागाचीच घेतली, कोरलेली बाजू खाली घालून. लोखंडी स्टँडवर ती बसवून शेडच्या कोपऱ्यात, उजेडाला, आबांच्या खुर्चीसमोर ठेवली. मोठ्या मशीनवर ताडपत्री टाकली. आणि संध्याकाळी आबांना हाताला धरून आणून म्हणाली, “आबा, दुसरं मशीन घ्यायचं चाललंय. हा त्याचा एक भाग आधी आलाय. याला रोज तेल लागतं, नाहीतर जाम होतो. हे काम तुमचं. मोठ्या मशीनला मात्र आता हात लावायचा नाही हं, कंपनीचा माणूस येऊन बघतो त्याचं.”

आबांनी गाडीवर हाताची पालथी बाजू ठेवली. गाडी पुढं सरकवली, मागं सरकवली. “हल्की हाय,” म्हणाले. “लई ग्वाड चालती.”

दुसऱ्या दिवसापासून ते पितळी कॅन घेऊन त्या हातभर रुळाच्या सेवेला लागले. भारती आठला शेडमध्ये यायची तेव्हा ते तिथंच असायचे, मान वाकडी करून, ओठ मुडपून, चोचीतून तेलाची धार सोडत. गाडी पुढं, गाडी मागं. तोंडानं मोजायचे. तेल फळीवरून ओघळून खाली डब्यात पडायचं, तो डबाही त्यांनीच ठेवला होता, कारखान्यातल्या सवयीनं. मोठ्या मशीनकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पानं सुरळीत उतरत होती. दाराची नवी फळी चढली, बारा पानं झाली, अठरा झाली, एकही हललं नाही. मच्छिंद्र म्हणाला, “मानलं ताई तुमाला.” आणि ती हसली, पण ते हसू पुरतं तोंडावर येईना. आबांची पाठ दिसली की तिला वाटायचं, पोराला रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतात तसं आपण केलंय. मग स्वतःलाच समजवायची, अगं पण त्यांना सुख आहे ना त्यात, झालं तर. तशात एका सकाळी फाटकाशी श्रीमंत वॉचमन भेटला आणि म्हणाला, “पेढे कधी ताई? आबा सांगत होते, दुसरं मशीन येतंय. अख्ख्या लायनीला सांगून आलेत. म्हनले, पोरीनं माझ्यावर सोपवलंय.” भारती हो हो म्हणाली आणि आत येऊन कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहिली. पोरीनं माझ्यावर सोपवलंय. आबांनी बत्तीस वर्षांत कुठल्या गोष्टीची फुशारकी मारली नव्हती, आणि मारली ती या खोट्या तुकड्याची. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि सांगावं. उठली नाही. बुद्धपौर्णिमा होऊ दे, मग बघू, असं म्हणत तिनं मशीन चालू केलं.

नवव्या दिवशी ती शेडमध्ये आली तर आबा तेल घालत नव्हते. खुर्चीत बसले होते. स्टँड मोकळा होता, आणि ती सागाची फळी त्यांच्या मांडीवर होती, उलटी, तेलानं काळवंडलेली. तिची कोरलेली बाजू वर आली होती. पिंपळाची पानं, दहा सरळ आणि अकरावं तुटकं. आबा त्या तुटक्या जागेवरून अंगठा फिरवत होते, देठावरून पानावर, पानावरून परत देठावर. अंगठा दर वेळी त्या पायरीशी अडकत होता. मच्छिंद्र अजून आला नव्हता. भारतीला वाटलं मागच्या मागं निघून जावं. पण आबांनी वर बघितलं.

“ह्ये माज्या तेलानं झालं व्हय?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“मला वाटलंच,” आबा म्हणाले. “चार-पाच दिस खरं वाटलं बग. मग म्हनलं, रंभाजी, एवढं तेल घालतूयास, ह्याला मळ कसा येत न्हाई? चालत्या मशीनला मळ येतो. ह्यो आपला रोज तसाच, न्हाऊनमाखून. काम नसतंय त्याला मळ नसतो. मग खालनं हात घातला तर पानं लागली.” त्यांनी फळी स्टँडवर ठेवली आणि हात धोतराला पुसले. “आन् मी येडा, सगळ्या लायनीला सांगत फिरलो. त्या श्रीमंतला आता काय सांगू?”

भारती मटकन त्यांच्या पायाशी, भुशातच बसली. रडायचं नाही असं ठरवायलाही वेळ मिळाला नाही. इतकं रडू तिला नवरा सोडून आली तेव्हा आलं नव्हतं. रडता रडता ती काय काय बोलली, चुकलं माझं आबा, मला वाटलं तुमी घरी बसाल, तुमी बरं म्हणाल, मला तुमचं ते बरं नको होतं. आबांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. मग त्यांनी हात पुढं केला आणि पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. तीस वर्षांनी. हात खडबडीत होता, तेलाचा वास येत होता, आणि थंडगार होता.

“ताप न्हाई,” आबा म्हणाले. “मग रडती कशाला?”

“तुमाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

“वाईट वाटंल की. वाटलं तर वाटलं. मी काय फुटतूय व्हय?” आबांचा आवाज चढला, कितीतरी दिवसांनी चढला. “लहान हुतीस तवा तोंडावर म्हनलीस, नका लावू तेल. ध्येनात हाय मला. जेवलो का न्हाई ते ध्येनात राहत न्हाई, पर ते हाय. लई वाईट वाटलं. पर म्हनलं, पोरगी माज्यावर गेली, तोंडावर बोलती, हिचं कुटं अडनार न्हाई. आता मोठी झालीस आन् तोंडावर बोलायची लाजतीस? मला खेळनं देतीस?”

“मग परत कधी हात का नाही लावलात डोक्याला?”

हे ती कसं बोलून गेली तिलाच कळलं नाही. आबा गोंधळून तिच्याकडं बघायला लागले.

“तूच नगं म्हनलीस की,” ते म्हणाले. “मी वाट बघत हुतो, कधी हाक मारतीस.”

बाहेर शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापायला सुरुवात झाली. भारतीनं पदरानं नाक पुसलं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले होते, ती पायरीवर आणि ते आत, आणि मधे एक खोबरेलाची बाटली. याच्यावर हसावं की अजून रडावं हे तिला ठरवता येईना. आबा उठले, मोठ्या मशीनपाशी गेले, त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून डावा रूळ बघितला, त्यावरून बोट फिरवलं आणि बोट निरखलं. तेल दिसत नव्हतं. त्यांनी बोटावर बोट घासलं. “एवढंच लागतं?” म्हणाले. ती म्हणाली, एवढंच. भुसा बसतो ना आबा, मिलमध्ये रस असतो, पाणी असतं, तेल वाहून जातं. इथं पीठ असतं, तेल जास्त झालं की त्याची कणीक होते. आबांनी मान डोलवली. “मग पुसनंच म्हत्त्वाचं म्हन की. तेल घालनं सोपं हाय, त्ये कुनीबी घालंल.” त्यांनी खिडकीतला पितळी कॅन घेतला आणि तिच्या हातात दिला. “ह्यो तुज्याकडं ठिव. पुसायचं माज्याकडं.”

“आणि आबा,” ती जरा चाचरत म्हणाली, “उद्या तुमी विसरलात तर?”

“तर उद्या परत सांग. रोज सांग. पर तोंडावर सांग.”

त्या दिवशी त्यांनी दोन्ही रूळ पुसले. उजव्या बाजूला भिंतीमुळं हात पोचेना तर मच्छिंद्रला मशीन अर्धा फूट सरकवायला लावलं, ते पाच वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. पुसताना ते इतके हळू पुसत होते की मच्छिंद्रनं दोनदा घड्याळ बघितलं. फडकं एका दिशेनं न्यायचं, उचलायचं, झटकायचं, घडी बदलायची, परत सुरुवातीपासून. गाडीच्या तोंडाशी आले की करंगळीला फडकं गुंडाळून कोपरा साफ करायचे. भारती कॉम्प्युटरकडं बघत होती, पण तिचं डोकं जडावल्यासारखं झालं, डोळे मिटायला लागले, आणि ते कशानं हे तिला नीट ठाऊक होतं. दुपारून दाराची उरलेली पानं झाली. शेवटचं पान उतरलं तेव्हा आबांनी देठावरून पानावर अंगठा फिरवला. अंगठा कुठं अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर निघाली. साडेसहाला शेडमध्ये आली तर ताडपत्री निघालेली होती आणि आबा डाव्या रुळापाशी उभे होते, मान वाकडी करून, ओठ मुडपून, हातात पितळी कॅन. तिनं तो काल आपल्या टेबलाखाली ठेवला होता, त्यांनी शोधून काढला होता. चोच रुळाच्या वर एक वीत होती. त्यांच्या चेहऱ्यावर कालचं काहीच नव्हतं. पहिल्या पाळीचा माणूस, कामाला लागलेला, बस्. भारतीचे पाय दारातच थांबले. काल सगळं बोलून झालं होतं आणि आज काहीच बोललेलं नव्हतं. तिच्या मनात येऊन गेलं, घालू दे एक दिवस, मी मागून पुसून घेईन, त्यांना कळणारही नाही. किती सोपं होतं. ती चार पावलं पुढं गेली. अकरा वर्षांची होती तेव्हा मागं न बघता बोलली होती. आता ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या डोळ्यांत बघत.

“आबा,” ती म्हणाली, “नका घालू तेल. इथं चालत नाही. माझं मी लावीन.”

आबांचा हात हवेत थांबला. चोचीच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातावर झेलला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग रुळाकडं, मग परत तिच्याकडं. कॅन टेबलावर ठेवला.

“बरं,” ते म्हणाले.

तिच्या छातीत ते जुनं काहीतरी बंद व्हायला निघालं. आबांनी तळहातावरचा थेंब बघितला. तो कुठं पुसावा हे त्यांना समजत नव्हतं. भारती वाकली आणि तिनं आपलं डोकं त्यांच्या हाताखाली धरलं. आबा जरा थबकले. मग त्यांनी तो थेंब तिच्या भांगात लावला आणि तळव्यानं जिरवला, जिरेपर्यंत.

“जाड तेल हाय,” ते म्हणाले. “वास येईल तुला दिसभर.”

“येऊ दे.”

“मग फडकं कुटं ठिवलंय त्ये तरी सांग,” आबा म्हणाले. “भुसा बसलाय बग किती.”